लपवण्यासारखं काही नसलेल्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांना सगळं येतं त्यांनी ती वाचून चुका काढत बसू नये. पुण्यात राहून हे अवघड आहे, याची लेखकाला कल्पना आहे.

आपल्या शहरात एक वाक्य रोज कुठे ना कुठे कानावर पडतं. बँकेच्या रांगेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, अमृततुल्यच्या बाकावर. ‘आपल्याकडे काय आहे लपवण्यासारखं? बघू दे की ज्याला बघायचंय त्याला!’ हे वाक्य मी सगळ्यांत ठणकावून ऐकलं ते आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांकडून. त्यांच्या फाटकावर चार पाट्या आहेत. एक विक्रेत्यांना, एक फुलं तोडणाऱ्यांना, एक फाटकासमोर गाडी लावणाऱ्यांना, आणि चौथी उरलेल्या तिन्ही वाचत उभं राहणाऱ्यांना. बेल वाजवली की ते दार साखळीएवढंच उघडतात आणि चार बोटांच्या फटीतून विचारतात, ‘कोण पाहिजे?’ दुपारी एक ते चार तेवढंही नाही. या गृहस्थांच्या फोनमध्ये एक विजेरीचं ॲप आहे. त्या विजेरीला त्यांच्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर पाठ आहेत.

अशा मंडळींसाठी पुढचे सहा धडे आहेत. क्रमाने करावेत. मधला धडा गाळल्यास लेखक जबाबदार नाही.

साहित्य: स्मार्टफोन एक. आधार कार्ड एक, झेरॉक्स निघतील तेवढ्या. अंगठा एक, डावाही चालेल. पासवर्ड एकच, सगळीकडे तोच. मुलाचं नाव आणि पुढे १२३ घेतल्यास उत्तम. लॅपटॉप ऐच्छिक आहे, पण सहाव्या धड्याला लागेल.

धडा पहिला: वाक्य पाठ करणे

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य सकाळी उठल्यावर तीनदा म्हणावं. आवाजात बेफिकिरी हवी. म्हणून झाल्यावर समोरच्याने पगार, सुनेशी बोलणं आहे का, आणि डॉक्टरांनी काय सांगितलं, असे प्रश्न विचारले तर तोंड वाकडं करू नये. सुरुवातीला जमत नाही, सवयीने जमतं.

सराव चालू असताना एखादा शहाणा येऊन सांगेल की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्याला वेड्यात काढू नका, कारण ते खरं आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तसं सांगितलं. दावा लावणारे के. एस. पुट्टस्वामी हे स्वतः निवृत्त न्यायमूर्ती, वयाची नव्वदी ओलांडलेले. वाद आधारवरून सुरू झाला होता. सरकारचं म्हणणं असं, की १९५४ साली आठ न्यायमूर्तींनी आणि पुढे १९६२ साली सहा न्यायमूर्तींनी दिलेले निकाल पाहता असा मूलभूत अधिकार आपल्या घटनेत नाहीच. म्हणजे आपल्याला लपवण्यासारखं काही आहे का हा प्रश्न पुढचा. लपवायचा हक्क तरी आहे का, यावरच सरकार न्यायालयात भांडत होतं.

आता एक तारीख मागे जाऊन पाहा. देशातलं पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. अधिकार मिळाला त्यानंतर सात वर्षांनी. आधी अंगठा, मग अधिकार. हा क्रम लक्षात ठेवावा, परीक्षेला येतो.

धडा दुसरा: झेरॉक्स काढणे

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठल्याही गल्लीत शिरावं. मी केवायसीसाठी शिरलो होतो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, एक कॉम्प्युटर, एक मुलगा आणि समोर सात माणसं. मी पाकिटातून आधार काढलं तर मुलगा मशीनवरून नजर न हलवता म्हणाला, ‘काका, व्हॉट्सॲप करा. नंबर भिंतीवर आहे.’ भिंतीवर स्केचपेनने नंबर लिहिलेला होता, खाली दोन रेघा. मी पाठवलं.

कॉम्प्युटरचा पडदा गिऱ्हाइकांकडे तोंड करून होता, बहुधा पारदर्शक कारभार म्हणून. त्यावर सकाळपासून आलेल्या सगळ्या पुणेकरांची रांग. कुणाचं पॅन, कुणाचा सातबारा, एका हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, एका मुलीचा लग्नाचा बायोडेटा. रास, नाडी, उंची, आणि अपेक्षा: पुण्यात स्वतःचा फ्लॅट. माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईंनी तो पूर्ण वाचला आणि ‘कोथरूडची आहे’ असं शेजारणीला सांगितलं. मुलाने विचारलं, ‘काका, तुमचं कुठलं?’ माझा चष्मा घरी. मी बोट दाखवलं, त्याने प्रिंट काढली, मी दोन रुपये दिले आणि निघालो. चौक ओलांडताना फोटोकडे लक्ष गेलं. जरा शंका आली, पण आधारवरचा फोटो आपला असो की परक्याचा, सारखाच दिसतो. नाव वाचलं तेव्हा कळलं की मी कुणा दुसऱ्यालाच घरी घेऊन चाललो होतो.

परत जाऊन बदलून आणलं. माझं आधार मात्र त्या कॉम्प्युटरवर राहिलं. ‘डिलीट कर रे,’ म्हटलं तर तो म्हणाला, ‘काका, कोण बघतंय?’ त्याचंही वाक्य पाठ होतं.

या बाबतीत सरकारने आपल्याला सावध केलं नाही असं मात्र म्हणू नये. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. त्यापेक्षा पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. पत्रक २७ तारखेचं. २९ तारखेला ते मागे घेतलं, कारण लोकांनी त्याचा चुकीचा अर्थ काढण्याची शक्यता होती. लोकांनी काढलेला अर्थ असा होता की झेरॉक्स देऊ नये. मास्क्ड आधार तेव्हाही मिळत होतं, आजही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. फक्त ते दिल्यावर समोरचा कारकून असा बघतो, की जणू आपण तोंडाला रुमाल बांधून बँकेत शिरलो आहोत.

धडा तिसरा: चेहरा देणे

झेरॉक्सचा धडा झाल्यावर चेहऱ्याकडे वळावं. सुरुवात सोसायटीच्या फाटकापासून. पूर्वी तिथे एक वही असायची. नाव, फ्लॅट नंबर, गाडी नंबर, मोबाइल, कुणाकडे, कशासाठी. आपण लिहिताना वरच्या ओळीतल्या बाई कुणाकडे आणि किती वाजता गेल्या, हे फुकटात कळायचं. आता वहीची जागा ॲपने घेतली आहे. वॉचमन फोन समोर धरून म्हणतो, ‘इकडं बघा.’ आपण बघतो. सख्ख्या बहिणीकडे भाऊबीजेला जातानाही बघतो. लोहगाव विमानतळावर २०२३ पासून डिजियात्रा आहे, तिथे चेहरा दाखवला की रांग कमी. पुणेकराला रांग चुकवायला मिळाली तर तो चेहरा काय, कुंडलीही देईल.

चौकाचौकातल्या कॅमेऱ्यांविषयी बोलताना मात्र जरा जपून. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले. त्या संध्याकाळी घरचं माणूस परत येईपर्यंत ज्यांनी गॅलरीत उभं राहून वाट पाहिली, त्यांना कॅमेरा नको असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. कारण खरं होतं.

पण कारण दर वेळी खरंच असतं, हे या शहराइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असावं? १८९७ साली प्लेग खरा होता. माणसं खरोखर मरत होती. साथ आवरायला त्या वर्षी साथरोगांचा कायदा झाला, आणि रँडसाहेबाच्या हुकमतीत गोरे शिपाई बुटांसकट पेठांमधल्या घरांत, स्वयंपाकघरांत आणि देवघरांत शिरले. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर कसा झाला, ते चापेकरांच्या शहराला सांगायला नको. रँड गेला. कायदा राहिला. १२३ वर्षांनी करोना आला तेव्हा तोच कपाटातून काढून झटकून वापरला. जोडीला नवीन काळाचं ‘आरोग्य सेतू’ ॲप आलं. १ मे २०२० च्या आदेशाने ते सरकारी आणि खासगी कर्मचाऱ्यांना सक्तीचं झालं, आणि १७ मेच्या आदेशात सक्तीचं ‘शक्यतो’ झालं. करोनाही खराच होता.

तेव्हा या धड्याचं सूत्र असं: कारण खरं आहे ना, एवढंच विचारावं. कारण संपल्यावर यंत्र परत कोण नेणार, हे विचारलं की आपण संशयास्पद ठरतो.

धडा चौथा: फोन निवडणे

नाना फडणवीसांच्या हेरखात्याचा उत्तर हिंदुस्थानापर्यंत दबदबा होता. पण नानांना हेर पगार देऊन ठेवावे लागत, त्यांच्या घोड्यांचा दाणापाणी बघावा लागे, आणि हेर फितूर होण्याची धास्ती वेगळी. आज आपण हेर स्वतःच्या पैशाने, बारा हप्त्यांत, बिनव्याजी घेतो. काच फुटू नये म्हणून त्याला कव्हर घालतो. रात्री उशाशी चार्जिंगला लावून ‘गुड नाइट’ म्हणतो. नाना असते तर मेणवलीच्या घाटावर बसून रडले असते.

फोन घेताना भाच्याला बरोबर न्यावं. भाचा हिंजवडीत कामाला असावा. दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगेल, भाचा विचारेल, ‘सिक्युरिटी अपडेट किती वर्षं येणार?’ दुकानदार आपल्याकडे बघेल. आपण कव्हरचा रंग निवडत असावं.

काही ॲप्स निवडायचा त्रास सरकार स्वतः वाचवतं. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने फोन बनवणाऱ्या कंपन्यांना आदेश दिला: नव्वद दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीच घातलेलं असावं, जुन्या फोनमध्ये अपडेटबरोबर ढकलावं, आणि त्याची कामं बंद करता येऊ नयेत. ॲप वाईट नाही. पीएमपीच्या गर्दीत फोन मारला गेला तर तो बंद पाडायला, आपल्या नावावर भलत्याच कुणी सिमकार्ड घेतलंय का ते बघायला ते कामाला येतं. कारण इथेही खरंच होतं. पण पाहुणा कितीही गुणी असला तरी त्याने घराची किल्ली आधीच करून घ्यावी का? गदारोळ झाला. मंत्रिमहोदय म्हणाले, नको असेल तर काढून टाका. आदेश वाचलेले म्हणाले, आदेशात तर उलटं आहे. ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली.

इथे चाणाक्ष विद्यार्थ्याला एक गोष्ट दिसेल. मास्क्ड आधारचं पत्रक दोन दिवसांत मागे गेलं, सक्तीचं ॲपही आठवड्याच्या आत मागे गेलं. आपल्याला जपणारी सूचना आणि आपल्यावर नजर ठेवू शकणारी सूचना, दोन्ही मागे घेता येतात. फरक इतकाच, की पहिली टिकावी म्हणून कुणी गदारोळ केला नव्हता.

त्याच वर्षी स्वदेशी ॲपची लाट आली. सरकारी ईमेल झोहोवर गेले, ‘अरट्टाई’ने व्हॉट्सॲपची जागा घ्यावी असं आवाहन झालं. पुण्याला स्वदेशी नवी नाही. ऑक्टोबर १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी इथेच पेटली होती. पण मँचेस्टरचं धोतर काय किंवा इचलकरंजीचं काय, नेसणारा कुठे गेला आणि कुणाशी बोलला हे दोन्ही सांगत नसत. ॲपचं तसं नाही. तिथे देशी की परदेशी याच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो: किल्ली कुणाकडे? अरट्टाईची लाट आली तेव्हा त्याच्या कॉलना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूप होतं, लिहिलेल्या निरोपांना नव्हतं. व्हॉट्सॲपच्या निरोपांना ते होतं, पण कोण, कुणाशी, किती वाजता, हा हिशेब परदेशी मालकाकडे. सिग्नल या ॲपमध्ये दोन्ही बऱ्यापैकी सांभाळलेलं, पण तिथे आपली मावशी नाही. आणि मावशी जिथे असेल तेच ॲप खरं, हा तंत्रज्ञानाच्या निवडीचा पहिला नियम आहे. त्याच्यापुढे हिंजवडीचं काही चालत नाही.

धडा पाचवा: टोपणनाव मिळवणे

फोनवर बोलताना मध्येच खरखर झाली की आमच्या लहानपणी म्हणायचे, ‘कुणीतरी ऐकतंय.’ आता आवाज स्वच्छ येतो. त्यावरून कुणी ऐकत नाही असा निष्कर्ष काढून निर्धास्त व्हावं.

ऐकण्याची सोय जुनी आहे. तारेचा कायदा १८८५ चा; केसरी निघून तेव्हा चारच वर्षं झाली होती. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज असेल तर सरकारला संदेश अडवता येतील, असं त्यात होतं. स्वराज्य आलं, तारखातं गेलं, कलम राहिलं. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला वेसण घातली: हुकूम गृहसचिवांचाच हवा, मुदत दोन महिन्यांची, वाढवत नेली तरी सहा महिन्यांच्या वर नाही, आणि फेरतपासणीला समिती. २०२३ साली दूरसंचाराचा नवा कायदा झाला, त्यातही हा अधिकार मुक्कामाला आहेच. हुकूम देणारे अधिकारी, तपासणारेही अधिकारी. वाटेत न्यायाधीश कुठे लागत नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला पुढेमागे कळवायचीही पद्धत नाही. लग्नाचं आमंत्रण राहिलं तर वीस वर्षं बोलत नाहीत अशा शहरात हे लोक खपवून घेतात, याचं मला नवल वाटतं.

आता प्रात्यक्षिक. जुलै २०२१ मध्ये काँग्रेसचे नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितलं की २०१६-१७ मध्ये, खासदार असताना, आपला फोन ऐकला जात होता, आणि कागदावर नाव होतं अमजद खान. अमली पदार्थांच्या व्यवहारातला संशयित म्हणून. चौकशी समिती बसली. फोन ऐकला जात होता तेव्हा पुण्याच्या पोलिस आयुक्त असलेल्या रश्मी शुक्ला यांच्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंडगार्डन पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. त्यांनी आरोप फेटाळले, दरम्यान राज्यात सरकार बदललं, सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या राज्याच्या पोलिस महासंचालक झाल्या. तेव्हा दोषी कोण, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने मिटला आहे.

आपण नवशिके. आपल्याला त्यातून एवढंच शिकायचं आहे, की कागदावर भलतंच नाव असेल तर सही करणाऱ्याला काय कळणार? खासदाराचा फोन ऐकायचा म्हटलं तर गृहसचिव चष्मा पुसून पुन्हा वाचतील. अमजद खान म्हटल्यावर कोण थांबवेल? वाईट याचं वाटतं, की नाव ठेवायचं तर जरा प्रमाणात ठेवावं. उद्या माझा फोन ऐकायचा झाला तर फार तर ए. के. हंगल मिळेल.

गृहपाठ: आपल्याला कोणतं टोपणनाव आवडेल ते वहीत लिहून ठेवावं. ते विचारायला कुणी येणार नाही.

धडा सहावा: ध चा मा करून घेणे

हा धडा शनिवारवाड्यावर जाऊन करावा. दिल्ली दरवाज्यासमोर उभं राहावं आणि शाळेत शिकलेलं आठवावं. ३० ऑगस्ट १७७३. राघोबादादांनी गारद्यांना लिहिलं, नारायणरावांस ‘धरावे’. वाटेत कुणीतरी, लोक म्हणतात आनंदीबाईंनी, ध चा मा केला आणि ‘मारावे’ झालं. आनंदीबाईंनीच केला की नाही यावर इतिहासकार भांडतात, भांडोत बापडे. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे: पत्र खरं होतं, लिहिणारा खरा होता, आणि घात केला तो मागाहून आत शिरलेल्या एका अक्षराने.

त्याच शनिवारवाड्यासमोर ३१ डिसेंबर २०१७ रोजी एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला हिंसाचार झाला. ८ जानेवारीला विश्रामबाग पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, आणि १७ एप्रिल २०१८ ला पुणे पोलिसांनी दिल्लीत मानवी हक्क कार्यकर्ते रोना विल्सन यांच्या घरी जाऊन त्यांचा लॅपटॉप जप्त केला. जूनमध्ये त्यांना अटक झाली. लॅपटॉपमध्ये पत्रं सापडली होती, त्यांत पंतप्रधानांच्या हत्येच्या कटाविषयीचंही एक. पुढे सोळा जण आत गेले. त्यांतले चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच वारले.

बचाव पक्षाच्या वकिलांनी लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेकडून तपासून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेला त्यांचा अहवाल असं सांगतो: १३ जून २०१६ ला विल्सन यांना ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून ईमेल आला, सोबत एक फाइल, नाव ‘अनदर व्हिक्टरी’. ती उघडली की नेटवायर नावाचा घुसखोर प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये शिरत होता. शिरला, आणि २२ महिने आत राहिला. त्याच वाटेने आरोपाची पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. विल्सन यांनी ती कधी उघडल्याची खूण नाही. आणखी एक बारीक गोष्ट, जुन्या काळच्या कारकुनाला पटेल अशी: काही पत्रं वर्डच्या २०१० किंवा २०१३ सालच्या आवृत्तीत तयार झालेली, आणि लॅपटॉपवर होतं २००७ चं वर्ड. म्हणजे घरात दौत निळ्या शाईची आणि पत्र काळ्या शाईत.

पुढे तपास हाती घेतलेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) हा अहवाल मानला नाही. त्यातलं खरं काय आणि खोटं काय, हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, या मार्गदर्शिकेचं नाही. पण काळाचा हिशेब आपण करू शकतो. विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला जानेवारी २०२५ मध्ये, साडेसहा वर्षांनी, आणि तोवर आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

इथे पहिल्या धड्यातलं वाक्य परत काढा आणि पुसून बघा. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.’ कबूल. पण दार उघडं टाकून बसलात तर ‘माझ्याकडे काय सापडेल’ हे सांगणारे तुम्ही कोण? आमच्या गल्लीतल्या त्या गृहस्थांना हे घराबाबत पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या घरात चोरण्यासारखं काही नाही, तरी ते साखळी लावतात. विचारलं तर सांगतात, ‘काही न्यायला येतील याची भीती नाही हो. काहीतरी ठेवून जातील!’ त्यांना बहुधा शेजाऱ्यांची मांजराची पिल्लं म्हणायची असतात. पण सूत्र बरोबर आहे.

यावर कायद्याने एक उपाय दिला आहे, त्याचं नाव हॅश. फोन किंवा लॅपटॉप जप्त झाला की त्यातल्या सगळ्या मजकुराचा मिळून एक लांबलचक आकडा काढतात, अंगठ्याच्या ठशासारखा. नंतर आत एका अक्षराचा जरी फरक झाला, ध चा मा झाला, तर आकडा पूर्ण बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावर हा आकडा लिहायची जागा आहे. आनंदीबाईंच्या काळी हा आकडा असता तर गारदी निदान दाराशी थबकले असते. मात्र हॅशची एक मर्यादा आहे. तो जप्तीनंतरची लबाडी पकडतो. जप्तीच्या आधी जे आत येऊन बसलं, त्याचाही ठसा तो तितक्याच इमानाने काढून देतो.

चुकूनही करू नये अशा गोष्टी

झेरॉक्सच्या दुकानात मास्क्ड आधार नेऊ नये. नेल्यास आपल्या डोळ्यांदेखत फाइल डिलीट करायला लावू नये. आधारच्या संकेतस्थळावर जाऊन बोटांचे ठसे लॉक करू नयेत, फार सोपं आहे, सवय लागेल. फोनचं अपडेट आलं की ‘नंतर’ दाबावं. फोन उघडायला सहा अंकी किंवा त्याहून लांब पासवर्ड ठेवू नये. झोपलेल्या माणसाचं बोट लावता येतं, पासवर्ड लावता येत नाही, आणि घरच्यांची गैरसोय होते. दुहेरी पडताळणी चालू करू नये. ओळखीच्या माणसाकडून अनपेक्षित फाइल आली तर आधी फोन करून ‘तूच पाठवलीस ना?’ विचारू नये, त्याला वाईट वाटेल. ॲपने संपर्क, माइक, ठावठिकाणा मागितला तर ‘तुला कशाला हवंय?’ असं विचारू नये. हा प्रश्न पुणेकराने फक्त माणसांना विचारायचा असतो.

स्वाध्याय

प्रश्न १. रिकाम्या जागा भरा: आधी ______, मग अधिकार.

प्रश्न २. जोड्या लावा. ‘अ’ गट: प्लेग, स्फोट, करोना, चोरीला गेलेला फोन. ‘ब’ गट: कायदा, कॅमेरा, ॲप, ॲप. यांपैकी कारण संपल्यावर परत गेलेल्यांना गोल करा. गोल न जमल्यास जागा कोरी सोडावी.

प्रश्न ३. कारणे द्या: दार साखळीएवढंच उघडणारा माणूस फोन सताड उघडा ठेवतो.

प्रश्न ४. चूक की बरोबर ते लिहा: ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.’ उत्तर लिहिण्यापूर्वी, लॅपटॉप शेवटचा कुणाच्या हातात होता ते समासात नोंदवावे.